संत नरहरी सोनार

दिंडीच्या शंभर वर्षांच्या पुस्तकात नरहरी महाराजांचं चरित्र लिहायची सेवा आमच्याकडे आली. आमचं शिक्षण चौथी, धंदा शेती. कीर्तनात सांगतो तसंच लिहितो.

महाराज पंढरपूरचे सोनार, ज्ञानदेव-नामदेवांच्या काळातले. पंढरीत राहून विठ्ठलाच्या देवळाची पायरी चढले नाहीत. मल्लिकार्जुनाला बेल वाहायचा अन् कामाला बसायचं.

हाताला मात्र जोड नव्हती. जडावाच्या कामात आधी खडा मापायचा, मग त्याच्यापुरतं सोन्यात घर कोरायचं. घर मोठं झालं तर खडा हलतो, लहान झालं तर दाबताना तडकतो, तळ सारखा नसला तर तिरका बसतो. घर बरोबर जमलं की कडेचं सोनं खड्यावर दाबायचं. आमच्या आईच्या फुलीतला खडा वारीच्या वाटेत पडला, तेव्हा मुदखेडच्या एका म्हाताऱ्या सोनारानं फुली बघून सांगितलं की खड्याचा दोष नाही, घरच ढिलं आहे.

एका सावकारानं नवस केला होता. मुलगा झाला म्हणून विठ्ठलाला सोन्याचा रत्नजडित करदोडा करायचा ठरला. महाराज देवळात जाईनात, म्हणून सावकारानंच माप आणून दिलं. करदोडा ढिला झाला. कमी केला, तर आखूड पडला. शेवटी डोळ्याला पट्टी बांधून महाराज स्वतः गेले. चाचपलं तर पाच मुखं, दहा हात, गळ्यात साप. हा तर आपला शंकर! पट्टी काढली, तर विटेवर विठ्ठल. पुन्हा बांधली, पुन्हा शंकर. हरी अन् हर एकच, हे तेव्हा हाताला कळलं. करदोडा बरोबर बसला. ही कथा महिपतींनी शके १६८४ मध्ये भक्तविजयात लिहून ठेवली.

पुढं महाराज वारकरी झाले, पण धंदा सोडला नाही. त्यांच्या अभंगात सोनाराचीच हत्यारं परमार्थाला लागली.

आता आमची चूक सांगतो. तरुणपणी आम्ही गावच्या महादेवाच्या सप्ताहात कीर्तनाला नाही म्हटलं होतं. नरहरी महाराजांची कथा तेव्हाही पाठ होती, पण माप दुसऱ्याच्या तोंडचं होतं. आईनं ऐकलं अन् दोन दिवस आमच्याशी बोलली नाही. पुढच्या शिवरात्रीला आम्ही आपण होऊन वीणा घेऊन गेलो. तेव्हापासून खंड नाही.

महाराजांची समाधी पंढरीत महाद्वाराजवळ आहे. पुण्यतिथी माघ वद्य तृतीया. दर्शनाच्या गर्दीत ती चुकू देऊ नका, एवढंच आमचं मागणं.