निभावलेले नाते : चांदबिबी सुलताना

वाचक बंधू-भगिनींनो, चांदबिबीचे नाव घेताच आपल्या डोळ्यांसमोर घोड्यावर स्वार झालेली, हातावर ससाणा घेतलेली एक राजस्त्री उभी राहते. दख्खनी चित्रकारांनी हे चित्र पुन्हा पुन्हा रंगवले आणि कथा-कादंबऱ्यांनी त्यात आपले रंग भरले. दोन वैरी राजघराणी, युद्धाची धामधूम, तहासाठी लागलेला निकाह आणि त्यातून फुललेली प्रीती, अशी कथा ऐकावयास गोड वाटते. परंतु या स्त्रीचे खरे आयुष्य त्या कल्पनेहून कठोर होते, आणि म्हणूनच ते अधिक बोधप्रद आहे. इतरांनी आपल्या सोयीसाठी जुळवलेले नाते तिने अमानत मानून कसे सांभाळले, तेच या लेखात आपणापुढे ठेवायचे आहे.

किल्ला आणि कन्या

चांदबिबीचा जन्म इ.स. १५५० चा. अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा सुलतान हुसेन निजामशाह हा तिचा पिता आणि खुंजा हुमायूं ही तिची माता. अरबी, फारसी व तुर्की यांबरोबर तिला मराठी आणि कन्नडही येत असे, असे परंपरेने सांगितले जाते.

तिच्या विवाहाची कहाणी समजून घ्यायची, तर आधी सोलापूरच्या किल्ल्याची कहाणी ऐकावी लागेल. अहमदनगर आणि विजापूर या दोन राज्यांच्या सीमेवरील हा किल्ला दोघांनाही हवा होता. १५२४ मध्ये विजापूरच्या इस्माईल आदिलशाहाची बहीण मरियम हिचा निकाह चांदबिबीचे आजोबा बुऱ्हाण निजामशाह यांच्याशी झाला. त्या वेळी वधूबरोबर सोलापूर देण्याची बोली झाली होती. मुलगी सासरी गेली, किल्ला मात्र गेला नाही. ज्या निकाहाने दोन घरे जवळ यावयाची, त्याच निकाहाच्या न पाळलेल्या बोलीवरून पुढे अनेक वर्षे रक्त सांडत राहिले.

१५५८ मध्ये पहिला अली आदिलशाह विजापूरच्या तख्तावर बसला. निजामशाहाला नमवण्यासाठी त्याने विजयनगरच्या रामरायाशी मैत्री केली. रामरायाच्या घरी पुत्रशोक झाला तेव्हा तो स्वतः सांत्वनाला गेला होता. या दोघांच्या संयुक्त फौजांनी अहमदनगरचा मुलूख उद्ध्वस्त केला. पुढे रामरायाचे सामर्थ्य अतोनात वाढले आणि अलीला मित्राचीच भीती वाटू लागली. मग कालचा वैरी आजचा सोयरा झाला. यात धर्माची बाब किती आणि राज्याच्या सोयीची किती, हे आपण सुज्ञ वाचक जाणताच.

अशा वेळी दुहेरी सोयरीक ठरली. हुसेन निजामशाहाची कन्या चांदबिबी अली आदिलशाहाला, आणि अलीची बहीण हदिया सुलताना हुसेनचा पुत्र मुर्तजा याला देण्यात आली. चांदबिबीबरोबर या वेळी सोलापूरचा किल्लाही खरोखर विजापूरला गेला. गोवळकोंड्याच्या इब्राहीम कुतुबशाहाला हुसेनची दुसरी कन्या आधीच दिलेली होती. एकमेकांचे सोयरे बनलेल्या या सुलतानांनी जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा पराभव केला आणि रामराया मारला गेला.

येथे क्षणभर थांबून विचार करा. इस्लाममध्ये मेहर हा वराने वधूला द्यावयाचा तिचा हक्क आहे. सूरह निसामध्ये स्त्रियांना त्यांचे मेहर खुशीने देण्याची आज्ञा आहे. निकाहासाठी मुलीची संमती घेणे पैगंबर मुहम्मद (स.) यांनी आवश्यक ठरवले, आणि हजरत खन्सा बिन्ते खिजाम (रजि.) यांनी पित्याने आपल्या मर्जीविरुद्ध निकाह लावल्याची तक्रार करताच तो निकाह रद्द केला. राजदरबारात मात्र देण्याची दिशाच उलटली होती, आणि वधूच्या घरून वराकडे किल्ला जात होता. आपण त्या सुलतानांना नावे ठेवण्याची घाई करू नये. किल्ल्यांचे दिवस सरले, पण फ्लॅट, गाडी आणि धंद्यातील भागीदारी यांची बोलणी आपल्या बैठकींत आजही चालतात, आणि ज्या मुलीचे आयुष्य ठरत असते ती आतल्या खोलीत बसलेली असते.

सासरची राखणदार

तालिकोटची गरज संपली आणि सुलतानांची मैत्रीही विरली. हुसेन निजामशाह त्याच वर्षी निवर्तला. अहमदनगरचा कारभार काही वर्षे चांदबिबीच्या मातेने पाहिला, आणि पुढे तिच्याच पुत्राने, मुर्तजा निजामशाहाने, तिला कैदेत टाकले. दोन्ही राज्यांमध्ये पुन्हा कुरबुरी सुरू झाल्या. ज्या कारणासाठी चांदबिबीला विजापूरला धाडले होते, ते कारणच उरले नव्हते. तहाचे कलम मिटले, पण निकाह राहिला, आणि चांदबिबीने तो निभावला. १५७९ मध्ये अलीने विजापुरात प्रजेसाठी एक विशाल विहीर बांधली आणि तिला आपल्या पत्नीचे नाव दिले. चांद बावडी या नावाने ती आजही ओळखली जाते.

१५८० मध्ये अली आदिलशाहाचा खून झाला. त्याला पुत्र नव्हता. त्याचा नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहीम तख्तावर आला आणि त्याच्या पालनाची जबाबदारी चांदबिबीवर पडली. वय तिशीचे, पदरी मूल नाही, पती गेलेला. माहेरी परतण्यास तिला कोणी दोष दिला नसता. तिने मात्र त्या अनाथ बालकाचा सांभाळ पत्करला.

दरबारातील सरदारांना बालराजा म्हणजे मोकळे रान वाटले. कामिलखानाने सत्ता बळकावण्याचा प्रयत्न केला, तेव्हा चांदबिबीने किश्वरखानाच्या साहाय्याने त्याला दूर केले. मग किश्वरखानच शिरजोर झाला आणि त्याने तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले. या अन्यायाने विजापूरची प्रजा आणि हबशी सरदार खवळले. किश्वरखानाला पळ काढावा लागला आणि चांदबिबी सन्मानाने परतली.

याच गोंधळाच्या काळात अहमदनगर आणि गोवळकोंडा यांच्या फौजा विजापूरवर चालून आल्या. आधी नळदुर्गला आणि मग खुद्द राजधानीला वेढा पडला. वाचकहो, या प्रसंगाचे मर्म ध्यानात घ्या. तटाबाहेरील फौज तिच्या सख्ख्या भावाची होती आणि तटाच्या आत होते पतीचे घर आणि पदरी आलेले पोर. एका निरोपाने वेस उघडता आली असती. पण तिने माहेरच्या प्रेमापायी सासरच्या अमानतीला धक्का लागू दिला नाही. पावसात तटाला भगदाडे पडली तेव्हा ती स्वतः तेथे उभी राहून डागडुजी करवून घेत होती, असे सांगतात. अखेर वेढा उठला.

माहेरची राखणदार

पुढे विजापूरची सत्ता दिलावरखानाच्या हाती गेली. इब्राहीमची बहीण खदीजा हिचा निकाह मुर्तजा निजामशाहाच्या मुलाशी ठरला, तेव्हा तिच्यासोबत चांदबिबी अहमदनगरला आली. तेथे तिने जे पाहिले ते कोणत्याही बहिणीच्या वाट्याला येऊ नये. भाऊ मुर्तजा स्वतःच्या पुत्राकडून मारला गेला आणि वर्षभरात तो पुत्रही मारला गेला. काही वर्षांत दुसरा भाऊ बुऱ्हाण तख्तावर येऊन निवर्तला, आणि त्याचा मुलगा इब्राहीम १५९५ मध्ये विजापूरशी झालेल्या लढाईत ठार झाला.

तख्तावर कोणी बसावे यावरून सरदारांत फूट पडली. त्यांपैकी मियाँ मंजू याने प्रतिस्पर्ध्यांवर मात करण्यासाठी मोगलांना बोलावणे धाडले. अकबरपुत्र मुराद आणि अब्दुर्रहीम खानखाना डिसेंबर १५९५ मध्ये अहमदनगरसमोर येऊन ठाकले. तोवर मियाँ मंजूला आपल्या कृत्याचा पश्चात्ताप झाला होता, पण किल्ला सोडून तो मदतीच्या शोधात निघून गेला. मागे उभी राहिली चांदबिबी. तिने भावाचा नातू बहादूर, जो तेव्हा चावंडच्या किल्ल्यात कैदेत होता, त्याच्या नावाने द्वाही फिरवली आणि किल्ल्याचा कारभार हाती घेतला.

मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. याची खबर मोगल छावणीतीलच एका भल्या माणसाने रात्री किल्ल्यात पोहोचवली. चांदबिबीने रातोरात उलट खोदकाम करवून दोन सुरुंग निकामी केले. तिसऱ्यावर काम चालू असतानाच त्याचा स्फोट झाला आणि तटाला मोठे खिंडार पडले. भलेभले सरदार पळण्याच्या बेतात होते. तेव्हा अंगात चिलखत, चेहऱ्यावर नकाब आणि हाती नंगी तलवार अशी ती खिंडारात येऊन उभी राहिली. तिला पाहून पळणारे मागे फिरले. दिवसभर हल्ल्यामागून हल्ले परतवले गेले, आणि रात्री तिच्या देखरेखीखाली तट पुन्हा उभारला गेला. या दिवसापासून लोक तिला चांद सुलताना म्हणू लागले.

आता आणखी एक गोष्ट पाहा. अहमदनगरच्या मदतीला सुहेलखानाच्या नेतृत्वाखाली मोठी फौज निघाली होती. ती पाठवली होती विजापूरच्या इब्राहीम आदिलशाहाने, म्हणजे तिने ज्याला सांभाळले होते त्याच बालकाने. कालपरवापर्यंत ही दोन राज्ये एकमेकांशी लढत होती. तिचा निकाह तीस वर्षांपूर्वी एका युद्धापुरता जुळवला गेला होता. जुळवणाऱ्यांची मैत्री केव्हाच संपली, पण तिने निभावलेले नाते संकटसमयी धावून आले.

१५९६ च्या प्रारंभी तह झाला. वऱ्हाड मोगलांना द्यावे लागले, अहमदनगर मात्र वाचले.

एका अफवेचा बळी

तह झाला तरी स्वस्थता लाभली नाही. सरदारांची भांडणे चालूच राहिली. पुढच्याच वर्षी गोदावरीकाठी सुहेलखानाच्या सेनेचा खानखानाने पराभव केला. १६०० मध्ये शहजादा दानियाल नव्या फौजेनिशी अहमदनगरला आला. या वेळी लढून यश येणार नाही, हे चांदबिबीने ओळखले. किल्ला सोपवावा आणि बालराजाला घेऊन सुखरूप जुन्नरला जावे, म्हणजे हजारोंचे प्राण वाचतील, असा तिचा विचार होता. ज्या अधिकाऱ्याशी तिने हा विचार बोलून दाखवला, त्यानेच सैनिकांत हाकाटी पिटली की चांदबिबी फितूर झाली. कोणी विचारले नाही, कोणी पडताळले नाही. ज्यांच्यासाठी ती खिंडारात उभी राहिली होती, त्यांच्याच जमावाने तिच्या महालात शिरून तिला ठार केले. तो १६०० चा जुलै महिना होता. ऑगस्टमध्ये किल्ला पडला, शिबंदीची कत्तल झाली आणि बालराजा ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदी झाला. तिने जे टाळू पाहिले होते, तेच घडले.

सूरह हुजुरातमध्ये अल्लाहने श्रद्धावंतांना ताकीद दिली आहे की, एखाद्या दुराचारी माणसाने बातमी आणली तर तिची शहानिशा करावी, अन्यथा अजाणता कोणाला इजा करून मागाहून पस्तावण्याची पाळी येईल. अहमदनगरच्या किल्ल्यात त्या दिवशी हीच ताकीद पायदळी गेली. आज आपल्या हातातील मोबाईलवर आलेला प्रत्येक संदेश पुढे ढकलण्यापूर्वी, आणि एखाद्या सुनेविषयी वा लेकीविषयी कानावर आलेली गोष्ट दुसऱ्या घरी सांगण्यापूर्वी, हा प्रसंग अवश्य आठवावा.

अहिल्यानगरजवळच्या डोंगरावर एक अष्टकोनी इमारत दुरून दिसते. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. वास्तविक ती मुर्तजा निजामशाहाचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. इतिहासाच्या दृष्टीने ही चूक खरी, पण प्रजेने जिच्या नावाने डोंगर ओळखावा, तिची आठवण किती खोल रुजली असेल, हेही त्यातून कळते.

वाचक बंधू-भगिनींनो, निकाह हा करार आहे आणि कराराबाबत जाब विचारला जाईल, असे कुरआनने बजावले आहे. चांदबिबीच्या पिढीतील पुरुषांनी करार केले आणि सोय सरताच मोडले. ज्या मुलीला त्यांनी करारातील एक कलम मानले होते, तिने मात्र दोन्ही घरांची अमानत अखेरपर्यंत राखली. आपल्या लेकींचे निकाह ठरवताना त्यांची संमती मनापासून घ्या, त्यांचा मेहर त्यांच्या हाती द्या, आणि घरात आलेल्या सुनेला परक्या घरची न समजता तिच्यावर विश्वास ठेवा. जिला आपण परकी समजतो, कदाचित तीच संकटाच्या दिवशी आपल्या घराच्या खिंडारात उभी राहणार असेल.

अल्लाह आपणा सर्वांना नाती निभावण्याची आणि बातमी पडताळून पाहण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.