बुजवायची वाट खुली करू पाहणारे सर्जन

करोनरी धमन्यांचे काम हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरवण्याचे. काही मुलांत जन्मतःच एखादी धमनी स्नायूत न विरघळता थेट हृदयाच्या कप्प्यात उघडते. याला करोनरी फिस्ट्युला म्हणतात. रक्त सोप्या वाटेने कप्प्यात निघून जाते आणि स्नायू उपाशी राहू शकतो. 1947 मध्ये स्वीडनच्या ब्यॉर्क आणि क्राफूर्ड यांनी वेगळ्याच दोषासाठी छाती उघडली, तेव्हा त्यांना अशी चुकीची जोडणी सापडली आणि त्यांनी ती बंद केली. तेव्हापासून सर्जनचे काम ठरले : ही वाट बुजवायची.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी मात्र नेमका उलटा विचार केला. 1915 साली कोलकात्यात जन्मलेले सेन मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकले आणि तिथेच त्यांनी हृदयशस्त्रक्रियेचा विभाग उभा केला. 1960 च्या दशकात धमन्या तुंबलेल्या रुग्णांसाठी खात्रीचा उपाय नव्हता. आजची बायपास अजून रुळायची होती. सेन यांचे लक्ष गेले सापाच्या हृदयाकडे. तिथे कप्प्यातले रक्त बारीक पोकळ्यांतून थेट स्नायूत झिरपते. मग माणसाच्या हृदयातही कप्प्यापासून स्नायूपर्यंत वाटा का पाडू नयेत?

डॉ. उदवाडिया, डॉ. किणरे आणि डॉ. परुळकर या सहकाऱ्यांसह त्यांनी कुत्र्यांच्या हृदयात सुईने बारीक छिद्रे पाडून पाहिली आणि 1965 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अडचण एकच होती. शरीर जखम भरून काढते, तशी ही छिद्रेही बुजत. पुढे इतरांनी सुईच्या जागी लेसर वापरला. 1998 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, पण लेसरच्या वाटाही बहुधा मिटतात असे दिसले. या उपचाराचा फायदा नेमका कशामुळे होतो, यावर वाद राहिला.

16 फेब्रुवारी 1968 रोजी, बर्नार्ड यांच्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, सेन यांनी भारतातले पहिले हृदयप्रत्यारोपण केले. रुग्ण जेमतेम तीन तास जगला. देशात यशस्वी प्रत्यारोपणासाठी 1994 उजाडावे लागले. 1969 मध्ये पद्मभूषण मिळालेले सेन ते पाहायला नव्हते. 1982 मध्ये त्यांचे निधन झाले.

आज नागपुरात अँजिओग्राफी रोजची झाली आहे. त्यात कधी अनपेक्षितपणे फिस्ट्युला दिसतो. लहान असेल तर बहुधा फक्त लक्ष ठेवतात. मोठा असेल तर कॅथेटरमधून कॉइल सोडून किंवा शस्त्रक्रियेने बंद करतात. मुलाच्या छातीत डॉक्टरांना सतत घरघर ऐकू आली, तर इको करून घ्यायला टाळाटाळ करू नये. रक्ताची वाट कुठून कुठे जाते, हे आधी कळले पाहिजे. सेन आयुष्यभर याच प्रश्नाच्या मागे होते.