देवळालीचे कापरेकर सर आणि अंकांचं कुलूप

मोठी डिग्री नसेल तर इल्मच्या दुनियेत नाव होत नाही, असं आपल्या घरांत नेहमी बोललं जातं. असं वाटणाऱ्यांनी दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांची जिंदगी जरूर पाहावी.

त्यांचा जन्म १९०५ सालचा, डहाणूचा. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस मिळालं. हे परांजपे आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुर्डी गावचे. १९२९ ला कापरेकर पदवीधर झाले. पुढची डिग्री घेतली नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीत शाळामास्तरच राहिले.

११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१. अशा संख्यांना त्यांनी 'डेम्लो' नाव दिलं. डेम्लो म्हणजे डोंबिवली स्टेशनचं जुनं नाव. ही कल्पना त्यांना तिथेच सुचली होती.

आता १११ चे मूळ अवयव ३ आणि ३७, हे सातवीचं पोरही काढेल. पण सतरा वेळा १ लिहा. तिचे मूळ अवयव दोनच : २०७१७२३ आणि ५३६३२२२३५७. यांचा गुणाकार आपण कागदावर करू शकतो. उलट, ओळीने एकेक मूळ संख्येने भाग देत हे अवयव शोधायचे, तर लाखाच्या वर भागाकार करावे लागतात! अंक वाढतील तशी ही अडचण भयंकर वाढते. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी याच अडचणीचं कुलूप बनवलं. गुणाकार सर्वांसमोर, अवयव गुप्त. सहाशेहून जास्त अंकी अशा संख्या आज इंटरनेटवरचे व्यवहार राखतात.

ते कुलूप कापरेकरांनी बनवलं नाही. पण ज्या अंकांच्या खेळाला अनेक विद्वान क्षुल्लक समजत, त्यातच ते आयुष्यभर रमले. पुस्तिका स्वतः छापल्या. ६१७४ हा त्यांचा अंक आज 'कापरेकर स्थिरांक' म्हणून जगभर ओळखला जातो. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकन मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे मोठी दाद मिळाली. निवृत्तीनंतर पेन्शन पुरत नव्हती, म्हणून ते शिकवण्या घेत. १९८६ मध्ये ते गेले.

आपलं पोर वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडत बसलं असेल, तर त्याला लगेच रागावू नये. आज त्याला ११११ चे मूळ अवयव विचारून तर बघू या.