दुर्गेचे डॉक्टर

‘एक डॉक्टर की मौत’ हा पंकज कपूर यांचा चित्रपट अनेकांना आठवत असेल. त्यातला डॉक्टर कुष्ठरोगाची लस शोधतो. ज्यांच्यावरून ती कथा सुचली, ते डॉ. सुभाष मुखर्जी मात्र वंध्यत्वावर काम करत होते.

१६ जानेवारी १९३१ रोजी हजारीबागला जन्म, एमबीबीएस कोलकात्यात, एक पीएच.डी. तिथलीच आणि दुसरी १९६७ मध्ये एडिंबरोची. परत येऊन ते सरकारी मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवू लागले. साधने तुटपुंजी. सोबतीला गोठवण्याच्या तंत्राचे जाणकार सुनीत मुखर्जी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ सरोजकांती भट्टाचार्य.

गर्भनलिका निकामी झालेल्या एका महिलेला त्यांनी हार्मोनची इंजेक्शने देऊन एकाच वेळी अनेक स्त्रीबीजे मिळवली. पण या इंजेक्शनांचा परिणाम गर्भाशयाच्या अस्तरावरही होतो. म्हणून त्यांनी भ्रूण ५३ दिवस गोठवून ठेवले आणि शरीर पूर्ववत झाल्यावर गर्भाशयात सोडले. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी मुलगी झाली. तिला दुर्गा म्हणू लागले. जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी इंग्लंडमध्ये जन्मून तेव्हा ७० दिवस झाले होते.

राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. प्रजननशास्त्रातला खरा जाणकार तीत नव्हता. समितीने दावा फेटाळला. समाजाच्या भीतीने कुटुंबाला नाव उघड नको होते आणि मुखर्जींनी ते केले नाही. जपानहून व्याख्यानाचे बोलावणे आले, परवानगी मिळाली नाही. पुढे हृदयविकाराचा झटका आला. जून १९८१ मध्ये या प्रजननतज्ज्ञाची बदली झाली ती डोळ्यांच्या संस्थेत! १९ जूनला त्यांनी जीवन संपवले.

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएममध्ये हर्षाचा जन्म झाला. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या चमूचे हे यश देशातले पहिले म्हणून नोंदले गेले. १९९७ मध्ये आनंद कुमार कोलकात्याला गेले, तेव्हा मुखर्जींची हस्तलिखित टिपणे त्यांच्या हाती आली. ती तपासून त्यांनी स्वतःच जाहीर केले, की पहिला मान मुखर्जींचा. आपल्या नावावरचा मान असा सोडणारे विरळाच.

मुखर्जींनी वापरलेले गोठवण्याचे तंत्र आज रोजचे झाले आहे आणि त्याचा संबंध मुलांच्या हृदयाशीही आहे. नॉर्डिक देशांतल्या ७७ लाख मुलांच्या २०२४ मधील अभ्यासात मोठे जन्मजात हृदयदोष या उपचारांनी झालेल्या मुलांत १.८४ टक्के, तर इतरांत १.१५ टक्के आढळले. भ्रूण ताजे की गोठवलेले, याने फरक पडला नाही; जुळ्या-तिळ्यांत मात्र प्रमाण जास्त होते. जुळी टाळायची तर एका वेळी एकच भ्रूण सोडावे लागते आणि उरलेली गोठवून ठेवता येतात म्हणूनच ते परवडते. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉलचे म्हणाल, तर सुमारे ३५ हजार मुलांच्या दुसऱ्या अभ्यासात तरुणपणापर्यंत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. त्यापुढच्या वयाची माहिती अजून थोडी आहे, कारण या उपचारांची पहिली पिढीच आता कुठे चाळिशी ओलांडते आहे. गरोदरपणात १८ ते २२ आठवड्यांच्या दरम्यान बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी करून घेणे आणि मूल उपचारांनी झाले हे त्याच्या डॉक्टरांना सांगणे, एवढे आईवडिलांच्या हाती आहे. बारामतीत उपचार घेतले काय नि मुंबईत, तेच.

दुर्गा पंचविसाव्या वाढदिवशी स्वतःहून लोकांसमोर आली. मुखर्जींना जाऊन तेव्हा २२ वर्षे झाली होती.