उसन्या कार्डावरचा वाचक

मेम्फिस शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात १९२०च्या दशकात कृष्णवर्णीयांना स्वतःच्या नावावर पुस्तके मिळत नसत. गोऱ्या मालकाची चिठ्ठी घेऊन येणाऱ्या पोऱ्याला मात्र कोणी हटकत नसे. चष्म्यांच्या भिंगांच्या कंपनीत हरकाम्या असलेल्या रिचर्ड राइट या तरुणाने ही फट हेरली. पत्रकार एच. एल. मेंकेन यांच्यावर एका स्थानिक वृत्तपत्राने झोड उठवली होती. दक्षिणेतील गोरे ज्याच्यावर इतके चिडतात, तो लिहितो तरी काय, हे त्याला जाणून घ्यायचे होते. एका आयरिश कॅथलिक सहकाऱ्याने आपले कार्ड दिले. त्याच्या नावाने रिचर्डने चिठ्ठी लिहिली आणि संशय येऊ नये म्हणून तीत स्वतःचा उल्लेख गोरे करीत तशाच हिणकस शब्दाने केला. पुस्तके हाती आली.

राइट यांचा जन्म ४ सप्टेंबर १९०८ रोजी मिसिसिपी राज्यात नॅचेझजवळ झाला. त्यांचे आजी-आजोबा गुलामगिरीत जन्मलेले. वाट्याने शेती करणारे वडील लवकरच घर सोडून गेले. शिक्षिका असलेली आई पक्षाघाताने अंथरुणाला खिळली. आर्कान्सामध्ये मावशीच्या नवऱ्याचा गोऱ्यांनी खून केला. त्याचा दारूचा गुत्ता भरभराटीला आला होता, एवढाच त्याचा अपराध. धर्मनिष्ठ आजीच्या लेखी कल्पित गोष्ट म्हणजे असत्य आणि म्हणून पाप. राइट यांचे शालेय शिक्षण नववीपाशी संपले. १९२५ साली जॅक्सनच्या शाळेच्या निरोप समारंभात मुख्याध्यापकांनी लिहून दिलेले भाषण बाजूला ठेवून त्यांनी स्वतःचेच वाचले.

१९२७ साली ते शिकागोला गेले. टपाल खात्यातील नोकरी, मंदीची वर्षे, कम्युनिस्ट पक्षाशी जवळीक आणि पुढे फारकत, असा हा काळ. १९३८ साली 'अंकल टॉम्स चिल्ड्रन' हा कथासंग्रह गाजला. पण या कौतुकाने राइट अस्वस्थ झाले. सुखवस्तू वाचकाला रडून मोकळे होता येईल असे पुस्तक आपण लिहिले, असे त्यांना वाटले. पुढच्या पुस्तकात अश्रूंची ही सोय ठेवायची नाही, असे त्यांनी ठरवले.

ते पुस्तक म्हणजे १९४०ची 'नेटिव्ह सन' ही कादंबरी. तिचा नायक बिगर थॉमस हा शिकागोतील वीस वर्षांचा तरुण. उंदरांनी भरलेल्या एका खोलीत चौघे राहतात. ज्या धनिकाकडे तो चालक म्हणून लागतो, त्याच्याच कंपनीच्या मालकीची ती खोली असते, आणि हाच धनिक कृष्णवर्णीय मुलांसाठी टेबल टेनिसची टेबले दान करतो. मालकाच्या मुलीच्या खोलीत आपण सापडू या भीतीने बिगरच्या हातून तिचा जीव जातो. नंतर तो आपल्या मैत्रिणीलाही ठार करतो. निष्पाप बळी दाखवून सहानुभूती मिळवणे सोपे होते. राइट यांनी खुनी माणूस उभा केला आणि तो घडला कसा, याचा जाब मागितला. तीन आठवड्यांत दोन लाखांहून अधिक प्रती खपल्या. 'बुक ऑफ द मंथ क्लब'ने प्रमुख पुस्तक म्हणून निवडलेली कृष्णवर्णीय लेखकाची ही पहिलीच कादंबरी. मात्र त्यासाठी काही मजकूर गाळावा लागला.

१९४५च्या 'ब्लॅक बॉय' या आत्मचरित्राच्या बाबतीत तर क्लबला केवळ दक्षिणेतील बालपण हवे होते. उत्तरेतही वर्णभेद कसा भेटला, हे सांगणारा सबंध उत्तरार्ध वगळला गेला. अन्याय दूरच्या मिसिसिपीत घडला, असे मानून वाचकाला निश्चिंत होता आले. (मराठीत १९७०च्या दशकात दलित आत्मकथने येऊ लागली, तेव्हा समीक्षेत कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी त्यांची तुलना वारंवार झाली, भूक, शाळा आणि अपमान यांच्या या कथा वाचताना ती अपरिहार्यच वाटते.)

यशानंतरही न्यूयॉर्कमध्ये घर घेताना राइट यांना खरेदीदार म्हणून वकिलाला पुढे करावे लागले. १९४७ साली पत्नी एलेन आणि कन्येसह ते पॅरिसला कायमचे गेले. तिथे वेगळाच घाव बसला. ज्या तरुण जेम्स बाल्डविनला त्यांनी शिष्यवृत्ती मिळवून देण्यास मदत केली होती, त्यानेच १९४९ साली निषेधाच्या कादंबरीवर टीका केली. अशा कादंबरीत माणूस हरवतो आणि केवळ त्याचे वर्गीकरण उरते, असा त्याचा आक्षेप होता. बिगरपुरता तो अगदीच गैरलागू नाही. पण 'ब्लॅक बॉय'मधला भुकेला, हट्टी मुलगा कोणत्याही वर्गीकरणात मावत नाही, हेही तितकेच खरे.

१९५५ साली राइट बांडुंग परिषदेला गेले, तिच्यावर पुस्तक लिहिले. अखेरच्या आजारपणात मात्र ते हायकूंकडे वळले. सुमारे चार हजार लिहिले; त्यांतील ८१७ हायकूंचा संग्रह १९९८ साली निघाला. २८ नोव्हेंबर १९६० रोजी हृदयविकाराने, वयाच्या अवघ्या ५२व्या वर्षी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. पेर लाशेज येथे त्यांच्या देहाबरोबर 'ब्लॅक बॉय'ची एक प्रतही अग्नीला देण्यात आली. ती प्रत अर्थातच अर्ध्या पुस्तकाची होती. गाळलेला उत्तरार्ध १९७७ साली स्वतंत्रपणे आणि दोन्ही भाग एकत्र १९९१ साली छापले गेले.