दीपगृहाची लेक : ग्रेस डार्लिंग

भगिनींनो, यंदाच्या स्मरणिकेसाठी एका परदेशी मुलीचे चरित्र मी निवडले आहे. ती राणी नव्हती, विदुषी नव्हती, की तिने कधी भाषण केले नाही. समुद्रातल्या एका खडकावर दिवा सांभाळणाऱ्या घरची ती लेक होती. तिचे नाव ग्रेस डार्लिंग.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर नॉर्थंबरलँड नावाचा प्रांत आहे. तेथील बँबरो गावी 24 नोव्हेंबर 1815 रोजी ग्रेसचा जन्म झाला. नऊ भावंडांत ती सातवी. गावासमोर समुद्रात फार्न नावाची खडकाळ बेटे आहेत. तेथे आजवर कितीतरी गलबते फुटली. जहाजांना धोका कळावा म्हणून या बेटांवर दीपगृहे बांधली गेली. ग्रेसचे वडील विल्यम डार्लिंग हे दीपगृहाचे राखणदार. काही आठवड्यांचे तान्हे मूल घेऊन आई थॉमसिन बेटावर राहावयास गेली. पुढे 1826 मध्ये लाँगस्टोन नावाच्या खडकावर नवे दीपगृह उभे राहिले आणि सारे बिऱ्हाड तेथे हलले. आजूबाजूला शेजार नाही, बाजार नाही, शाळा नाही. लिहिणे-वाचणे मुले वडिलांपाशीच शिकली.

आपल्याकडे दिवेलागणीला समई लावली की काम झाले. दीपगृहातला दिवा मात्र रात्रभर जागवावा लागे. तेव्हा विजेचे दिवे नव्हते. तेल भरायचे, वाती नीट करायच्या, दिव्यामागची चकचकीत तबके घासून लख्ख ठेवायची, आणि एकाने झोपावे तर दुसऱ्याने पहारा करावा. मोठी भावंडे एकेक करून पोटापाण्यासाठी बाहेर पडली. ग्रेस मात्र आईवडिलांपाशी राहिली. स्वयंपाक, शिवणकाम, धुणे आणि दिव्याची पाळी असे तिचे दिवस जात. होडी वल्हवणे तर लहानपणापासून अंगवळणी पडलेले.

सप्टेंबर 1838 मध्ये फॉरफरशायर नावाची आगबोट हल बंदरातून स्कॉटलंडमधील डंडी बंदराकडे निघाली. बोटीवर सुमारे साठ माणसे होती. वाटेत बॉयलर गळू लागले, यंत्रे बंद पडली आणि वादळाने बोट फार्न बेटांकडे लोटली. तारीख 7, पहाट व्हायची होती. बोट बिग हार्कर नावाच्या खडकावर आदळली आणि तिचे दोन तुकडे झाले. मागचा भाग आतल्या माणसांसह समुद्राने ओढून नेला. काही जण खडकाला चिकटून राहिले.

पहाटे वरच्या खिडकीतून ग्रेसला ती फुटलेली बोट दिसली. तिने वडिलांना हाक दिली. सातच्या सुमारास उजाडल्यावर खडकावर माणसे हलताना दिसू लागली. धाकटा भाऊ त्या वेळी किनाऱ्यावर गेलेला होता. घरात तिघेच : वडील, साठी उलटलेली आई आणि बावीस वर्षांची ग्रेस. अशा समुद्रात किनाऱ्यावरून मदत येईल असे वडिलांना वाटेना. घरची होडी वल्हवायला एरवी अधिक माणसे लागत. बाप-लेक निघाले. होडी पाण्यात ढकलायला आईने हात लावला. नवरा आणि लेक दोघेही एकाच होडीत, आणि मागे ती एकटी! त्या माउलीच्या काळजाचे काय झाले असेल, हे मी तुम्हांला काय सांगावे?

लाटांचा मारा चुकवीत, लांबचा वळसा घेऊन, सुमारे मैलभर वल्हवून ती दोघे खडकाशी पोहोचली. वडिलांनी खडकावर उडी घेतली. आता होडी खडकावर आपटली की सर्वांचाच घात. तेवढा वेळ ग्रेस एकटी दोन्ही वल्ही धरून होडी मागेपुढे करीत राहिली. खडकावर नऊ जण जिवंत होते. त्यांत एक बाई होती. आपल्या दोन लेकरांची प्रेते तिने कवटाळून धरली होती. पहिल्या खेपेत ती बाई आणि चार पुरुष घरी आणले. मग वाचलेल्या खलाशांना बरोबर घेऊन वडील पुन्हा गेले आणि उरलेल्या चौघांना घेऊन आले. आणखी नऊ जण बोटीवरच्या लहान होडीतून निसटले होते, त्यांना दुसऱ्या एका जहाजाने उचलले. चाळीसहून अधिक माणसे बुडाली.

त्याच दिवशी किनाऱ्यावरून सात धाडसी माणसेही होडी घेऊन आली. त्यांत ग्रेसचा भाऊ होता. त्यांना खडकावर फक्त प्रेते सापडली, आणि वादळामुळे परतता येईना म्हणून तेही दीपगृहात आले. तिघांच्या घरात एकोणीस माणसे झाली! वादळ ओसरेपर्यंत त्यांचे अन्न, कोरडे कपडे, शेक आणि अंथरूण-पांघरूण त्या मायलेकींनी पाहिले.

बातमी वर्तमानपत्रांत आली आणि ग्रेसचे नाव देशभर गाजले. तिला व वडिलांना पदके मिळाली. व्हिक्टोरिया राणीने 50 पौंड पाठवले. वर्गणीतून 700 पौंडांवर रक्कम जमली. इथपर्यंत चांगले झाले. पण मग चित्रकारांची रीघ लागली. कोणी तिच्या केसांची बट मागे, कोणी कपड्याची चिंधी. अनोळखी पुरुषांकडून लग्नाच्या मागण्या आल्या. रंगभूमीवर उभे राहण्यासाठी बोलावणी आली, ती तिने नाकारली. घरकाम आणि दिव्याची पाळी सांभाळून ती पत्रांना उत्तरे लिहीत बसे. नॉर्थंबरलँडच्या ड्यूकने तिच्या पैशांची व्यवस्था लावून दिली. पण लोकांच्या कौतुकापासून तिला कोण वाचवणार?

1842 मध्ये तिला क्षयाने गाठले. औषधोपचार झाले, पण उपयोग झाला नाही. 20 ऑक्टोबर 1842 रोजी बँबरो येथे तिने प्राण सोडला. वय अवघे सव्वीस. तेथील चर्चच्या आवारात तिचे स्मारक आहे, आणि जाणाऱ्या जहाजांवरूनही दिसावे असे ते बांधले आहे. 1938 मध्ये गावात तिच्या नावाचे संग्रहालय उघडले. ती होडी तेथे जपून ठेवली आहे. लाँगस्टोनचा दिवा 1990 पासून आपोआप चालतो. तेथे आता राखणदाराचे बिऱ्हाड नाही.

हे चरित्र वाचल्यावर मला दोन गोष्टी मनाशी धराव्याशा वाटल्या. ग्रेसचे ते धैर्य एका सकाळीत आलेले नव्हते. रोज वल्हवलेली होडी, रोज जागवलेली रात्र आणि रोज पुसलेली काच त्याच्यामागे होती. घरकाम म्हणजे काय मोठे, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

दुसरी गोष्ट थॉमसिनबाईंची. समारंभ झाला की व्यासपीठावरची नावे छापून येतात. मागे पोळ्या लाटणाऱ्या आणि भांडी विसळणाऱ्या बायकांची नोंद कोणी ठेवत नाही. डार्लिंगांच्या घरी तसेच झाले. ग्रेसची चित्रे घरोघरी लागली. ज्या म्हाताऱ्या हातांनी ती होडी लाटांत ढकलली, ते फारसे कोणाला आठवले नाहीत. आपल्या मंडळाच्या वहीत तरी अशा हातांची नावे लिहून ठेवावीत, एवढीच माझी विनंती.