लिंडले मरे : खुर्चीत बसून भाषेला शिस्त लावणारा माणूस

इंग्रजीच्या तासाला फळ्यावर एखादे लांबलचक वाक्य लिहून प्राध्यापक त्यातील शब्दांचे व्याकरण चालवायला सांगतात, तेव्हा वर्गात जी शांतता पसरते ती आपल्या सर्वांच्याच परिचयाची आहे. नाम कोणते, क्रियापद कोणते, कर्ता कुठे दडला आहे, हे शोधताना भल्याभल्यांची भंबेरी उडते. ही पद्धत कोणी रूढ केली, असा विचार मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही. तिचे मूळ ग्रीक आणि लॅटिन व्याकरणकारांपर्यंत जाते हे खरे. पण इंग्रजी बोलणाऱ्या जगातील शाळाशाळांतून ती पोचविण्याचे श्रेय ज्यांना द्यावे लागते त्यांत लिंडले मरे यांचे नाव फार वरचे आहे. विशेष म्हणजे हा गृहस्थ पेशाने शिक्षक नव्हता. तो वकील होता, नंतर व्यापारी झाला, आणि पाय थकल्यावर व्याकरणकार झाला.

मरे यांचा जन्म १७४५ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात झाला. बारा भावंडांतले ते थोरले. वडील रॉबर्ट मरे हे क्वेकर पंथाचे. पुढे न्यूयॉर्कला येऊन ते मोठे व्यापारी झाले. त्या शहरातील मरे हिल हा भाग आजही याच घराण्याचे नाव सांगतो. वडील कडक शिस्तीचे होते. परवानगीवाचून घराबाहेर गेल्याबद्दल शिक्षा झाली, तेव्हा मुलाने आपली पुस्तके व थोडे पैसे घेतले आणि कोणालाही न सांगता न्यू जर्सीतील बर्लिंग्टन गाव गाठले. पळून गेलेली मुले सहसा शाळा चुकवितात; हा मुलगा मात्र पळून जाऊन एका निवासी शाळेतच दाखल झाला! अखेर त्याचा शोध लागला व तो घरी परतला. पण पेढीवरील हिशेबात त्याचे मन कधी रमले नाही. शेवटी वडिलांच्या संमतीने बेंजामिन किसम या वकिलांच्या हाताखाली त्याने कायद्याचा अभ्यास केला. तेथे त्याचा सहाध्यायी होता जॉन जे, जो पुढे अमेरिकेचा पहिला सरन्यायाधीश झाला.

१७६७ साली हॅना डॉब्सन यांच्याशी मरे यांचा विवाह झाला. वकिली चांगली चालू लागली. इतक्यात अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचे ढग जमले. क्वेकर पंथाला युद्ध निषिद्ध. मरे पत्नीसह लाँग आयलंडवरील आयस्लिप या गावी जाऊन राहिले. युद्धामुळे मिठाची टंचाई होती म्हणून त्यांनी मीठ तयार करण्याचा खटाटोप आरंभिला; पण इंग्रजी फौजांनी न्यूयॉर्क घेतले, बाहेरून मीठ येऊ लागले आणि तो बेत बारगळला. मग ते न्यूयॉर्कला परतले आणि व्यापारात थोड्याच वर्षांत गडगंज झाले. ईस्ट नदीच्या काठी त्यांनी घरही घेतले. आता निवांत जगावे, अशी वेळ आली होती.

नेमक्या त्याच वेळी शरीराने साथ सोडली. आजारानंतर पायांतील बळ कमी होत गेले, थोडे चालले तरी स्नायू थकू लागले. थंड हवेच्या प्रदेशात बरे वाटेल या आशेने १७८४ च्या अखेरीस पतिपत्नींनी अमेरिका सोडली आणि इंग्लंडमध्ये यॉर्क शहरालगत होल्गेट येथे बिऱ्हाड केले. आशा फळाला आली नाही. प्रथम चालणे थांबले. काही वर्षे गाडीतून फेरफटका होत असे, तोही पुढे बंद पडला. आयुष्याची अखेरची सुमारे सोळा वर्षे त्यांनी घराबाहेर पाऊल टाकले नाही.

व्याकरणाचा योग आला तो अगदी घरगुती वाटेने. यॉर्कमध्ये क्वेकर मंडळींनी १७८५ साली मुलींची एक शाळा काढली होती. तेथील तरुण शिक्षिकांना स्वतःलाच इंग्रजी व्याकरण नीट शिकायचे होते. मरे त्यांना घरी शिकवू लागले. मुलींना देता येईल असे सोपे पुस्तक तुम्हीच लिहा, असा त्यांनी आग्रह धरला. मरे यांनी बरेच आढेवेढे घेतले, पण अखेर १७९५ साली ‘इंग्लिश ग्रामर’ प्रसिद्ध झाले. एका लहानशा शाळेसाठी केलेले हे पुस्तक पाहता पाहता समुद्रापार गेले. त्यामागोमाग १७९७ मध्ये स्वाध्यायांचे पुस्तक, त्याची उत्तरे व संक्षिप्त आवृत्ती, आणि १७९९ मध्ये ‘इंग्लिश रीडर’ निघाले. या सर्व पुस्तकांच्या लाखो प्रती खपल्या. त्यांचे पैसे मरे यांनी स्वतःसाठी न ठेवता दानधर्माला दिले.

या पुस्तकात होते तरी काय? त्याचे चार भाग होते : वर्णलेखन, शब्दविचार, वाक्यविचार आणि छंद. शब्दविचारात मरे यांनी शब्दांच्या नऊ जाती सांगितल्या : उपपद, नाम, विशेषण, सर्वनाम, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी. वाक्यविचारात वाक्याचे साधे व संयुक्त असे दोन प्रकार केले, आणि वाक्यरचनेची दोन तत्त्वे मांडली. पहिले मेळाचे : कर्ता एकवचनी तर क्रियापदही एकवचनी. दुसरे अंमलाचे : एक शब्द दुसऱ्यावर सत्ता चालवितो व त्याचे रूप बदलायला लावतो. क्रियापदाच्या किंवा शब्दयोगी अव्ययाच्या अंमलाखाली आले की ‘ही’ चे ‘हिम’ होते, ते यामुळेच. या तत्त्वांभोवती बावीस नियम गुंफलेले होते. पाठ करण्याचे नियम मोठ्या टाइपात आणि पुढच्या विद्यार्थ्यांसाठीचे विवेचन बारीक टाइपात, अशी मांडणी होती. स्वाध्यायांत मुद्दाम चुकीची वाक्ये देऊन ती दुरुस्त करायला सांगितलेली असत. आपल्या प्रश्नपत्रिकेतील तो ओळखीचा प्रश्न किती जुना आहे, हे यावरून ध्यानात येईल.

मरे यांच्यावर टीकाही झाली. नवे असे त्यांनी फारसे सांगितले नाही. रॉबर्ट लाउथ यांच्या १७६२ च्या व्याकरणावर त्यांची मोठी भिस्त होती. अमेरिकन कोशकार नोआ वेब्स्टर यांनी तर आपल्या पुस्तकातील मजकूर उचलल्याचा आरोप केला. मरे स्वतःला संकलकच मानीत, आणि पुढील आवृत्त्यांत त्यांनी आधारभूत ग्रंथकारांची नावेही दिली. दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. हा सारा साचा लॅटिनचा. इंग्रजीला तो पुरता बसत नाही. लॅटिनमध्ये नामाला विभक्तीचे प्रत्यय लागतात, म्हणून शब्द कुठेही ठेवला तरी चालतो. ‘रामाने रावणाला मारले’ हे आपणही उलटसुलट फिरवू शकतो. मारणारा रामच राहतो. इंग्रजीत नामांची जागा बदलली की मारणारा रावण होतो. तेथे वाक्यातील स्थान हीच विभक्ती. ही गोष्ट मरे यांच्या चौकटीत मावण्यासारखी नव्हती, आणि पुढील भाषाशास्त्रज्ञांना ती चौकट मोडावी लागली.

आणखी एक गंमत नोंदवावीशी वाटते. क्वेकर लोक समोरच्या एका माणसाला अनेकवचनाने संबोधणे असत्य मानीत. राजा असो की नोकर, सर्वांना ते एकवचनानेच हाक मारीत. म्हणजे त्यांच्या दृष्टीने सर्वनाम ही केवळ शब्दाची जात नव्हती, तो सचोटीचा प्रश्न होता. या लेखात आपण मरे यांना आदरार्थी ‘ते’ म्हणत आलो आहोत. त्यांच्या पंथाला ते रुचले असते की नाही, कोण जाणे!

मरे १८२६ च्या जानेवारीत निवर्तले. त्यानंतर दहाच वर्षांनी, १८३६ साली, मुंबईत दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. यास्काने पदांचे चारच प्रकार सांगितले होते. आपण शाळेत शिकतो त्या शब्दांच्या आठ जाती इंग्रजी व्याकरणाच्या वळणाने मराठीत आल्या. मरे यांच्या नऊ जातींतून इंग्रजीचे उपपद वगळा, उरलेल्या आठ आपल्याच आहेत.

नियम बदलतात, चौकटी मोडतात. पण वाक्यातील प्रत्येक शब्दाला, तू येथे कशासाठी उभा आहेस, असे विचारण्याची सवय बदलण्यासारखी नाही. जो विचारतो त्याला दुसऱ्याचे वाक्य कळते आणि स्वतःचा विचारही नीट मांडता येतो. ज्याला स्वतः उभे राहता येत नव्हते अशा एका माणसाने ही सवय दोन खंडांतील मुलामुलींना लावली. पुढच्या वेळी फळ्यावर वाक्य उमटेल आणि वर्ग शांत होईल, तेव्हा होल्गेटच्या त्या खुर्चीची आठवण ठेवावी, इतकेच.